गारवेल नेमकी कुठली? दोन वेलींचा घोळ

परडंवाली: नमस्कार मंडळी, टिळकवाडीत आमच्या परड्यातल्या कुंपणावर दोन गारवेली चढल्यात, दोन्हींना निळीजांभळी फुलं. एकीची पानं तीन कंगोऱ्यांची, दुसरीला बदामी पण येतात आणि तीन कंगोऱ्यांची पण, एकाच वेलीवर! नर्सरीवाला म्हणतो मॉर्निंग ग्लोरी हो, सगळं एकच. फोटोवरून ओळखणारं गूगल लेन्स सकाळी आयपोमिया नील हे शास्त्रीय नाव सांगतंय आणि दुपारी आयपोमिया पर्पुरिया. ओळखायचं कसं?

खानापूरकर: ताई, पान आणि रंग दोन्ही सोडा आधी. फूल सकाळी निळं असतं आणि ऊन चढलं की गुलाबी-जांभळं पडतं, पाकळीतल्या रसाची आम्लता बदलते म्हणून, लेन्स बिचारं काय करणार. फूल उलटं करून बुडाशी पाच हिरवी निदलं असतात ती बघा. नीलची लांब, दोन-अडीच सेंमीपर्यंत, निमुळती होत टोकाला अगदी दोऱ्यागत, खाली ताठ लव. पर्पुरियाची आखूड, एक-दीड सेंमी, टोक तिथल्या तिथं संपतं. लव तिलापण असते, त्यामुळं नुसत्या लवेवर जाऊ नका, लांबी मोजा की. जपानी लोक ज्याला असागाओ म्हणून कुंडीत लावतात ती पण नीलच.

निपाणीकर: तिसरी पण शक्यता आहे हं, आयपोमिया इंडिका. तिची फुलं घोसात येतात, निदलांवर उभी ताठ लव नसते, आणि बी जवळजवळ धरतच नाही. नील-पर्पुरिया वर्षाच्या वेली, पावसाळ्यात उगवून बी वाळलं की खलास, ही मात्र बारमाही. उन्हाळ्यातपण हिरवीगार दिसली तर इंडिका समजा. पानाला पाच बोटं असतील तर ती आयपोमिया कैरिका, ते तुमचं नाही.

परडंवाली: बघितलं आत्ता. कंगोऱ्यांच्या वेलीची निदलं लांबलचक, लवदार, म्हणजे नील. दुसरीची फुलं घोसात, निदलं गुळगुळीत, बी एकपण नाही आणि सासूबाई म्हणतात ही गेल्या वर्षीचीच आहे. म्हणजे इंडिका? नीलचं बी ठेवलं तर चालतंय न्हवं?

खानापूरकर: होय की, इंडिकाच. नीलचं बी म्हणजे आपला काळादाणा, जुलाबाचं जालीम औषध, घरात लहान पोरं असतील तर डबा वर ठेवा, तोंडात घातलं तर भारी पडेल.

निपाणीकर: आणि इंडिका छाटलीत तर तुकडे नाल्यात टाकू नका, कांडी मातीला टेकली की मूळ धरते. नाल्याकडंला बेशरमीची झुडपं आहेत तेवढी पुरे. वाळवून मग कचऱ्यात द्या.