पोटेन्स (ताकद)-सेलेरिटी (वेग) डेक: प्रेचे व्हॅम्पायर आडवे होतात, प्रे मात्र बसलेलाच

ब्रूहा_बर्लिन:
व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल या कार्ड गेमची स्पर्धा आहे. प्रे म्हणजे पुढचा खेळाडू, ज्याला मला बाद करायचंय. पाच जणांची टेबलं, दोन तासांची फेरी. क्रिप्ट (व्हॅम्पायरची कार्डं) 12, सगळे ब्रूहा कुळातले. लायब्ररी (बाकीची कार्डं) 90: मास्टर 16, बम्स रश (हल्ल्याची अ‍ॅक्शन) 18, इम्मॉर्टल ग्रॅपल 14, टॉर्न साइनपोस्ट 12, टेस्ट ऑफ व्हिटे 10, सेलेरिटी 20. वेळ संपते तेव्हा प्रेचा पूल (खेळाडूचे गुण, शून्यावर आले की तो बाद) अजून 12-15 असतो आणि माझ्या हातात चार ग्रॅपल तुंबलेले. काय कापू?

निशाचर_ठाणे:
ब्लीड (प्रेचा पूल थेट कमी करणारी अ‍ॅक्शन) कुठाय? व्हॅम्पायर टॉर्परमध्ये (निपचित अवस्थेत) गेल्याने पूल आपोआप उतरत नाही. रश 18 वरून 10 करा. त्या आठ जागांत सहा कॉम्प्युटर हॅकिंग (ब्लीडचं कार्ड), दोन फेम. फेम युनिक आहे (एका वेळी खेळात एकच), त्यामुळे दोन पुरे. प्रेच्या कामाच्या व्हॅम्पायरवर ठेवा. तो टॉर्परमध्ये गेला की मालकाचा 3 पूल जातो; सोडवून आणला तर पुन्हा पाडा, पुन्हा 3.

ब्लीड अडवला तरी मारामारी मिळतेच. रशचंही तेच: अडवला तर अडवणाऱ्याशी भिडायचं, म्हणून स्टेल्थवर (अ‍ॅक्शन अडवली जाऊ नये यासाठीच्या कार्डांवर) जागा घालवू नका. स्वतःच्या मजकुरातच हल्ल्याची अ‍ॅक्शन असलेले दोन-तीन व्हॅम्पायर घेतले तर रश आणखी कमी लागतील. ग्रॅपल 10 बास. तुंबलेल्या हातासाठी द बॅरन्स (हातातलं कार्ड टाकू देणारं) एक. टर्नच्या शेवटी एकच कार्ड टाकता येतं, तेवढ्यावर भागत नाही.

हिशोबी:
फटक्यांचं गणित मांडून बघा. मूळ ताकद 1, सुपीरियर (वरच्या पातळीच्या) साइनपोस्टने 3. समोरच्यावर 4 रक्त असेल तर पहिल्या राउंडला 3 जळतं. सुपीरियर ग्रॅपलच्या प्रेसने (लढत पुढे चालू ठेवून) दुसरा राउंड: 1 जळतं, 2 जखमा भरत नाहीत, गडी टॉर्परमध्ये. पण 6 रक्तवाला दोन राउंडनंतर शून्यावर असूनही उभाच राहतो! त्याच्यासाठी ब्लर हे सेलेरिटी कार्ड ठेवा. सुपीरियरला दोन जादा फटके, एकाच राउंडला 9. टेस्ट ऑफ व्हिटे त्या राउंडला गेलेलं रक्तच परत देतो, म्हणून मोठ्या राउंडला खेळा. शेवटच्या एका थेंबासाठी वाया घालवू नका.

आणि क्रम चुकवू नका. साइनपोस्ट रेंज ठरण्याआधी, ग्रॅपल रेंज ठरल्यावर, स्ट्राइक निवडण्याआधी आणि फक्त जवळच्या रेंजला. मॅजेस्टी (लढत संपवणारा स्ट्राइक) त्यानेच अडते, कारण मग हाताचे फटके सोडून दुसरं काही चालत नाही. मात्र समोर .44 मॅग्नम (बंदूक) असेल तर त्याला प्रत्येक कॉम्बॅटला एक मॅन्युव्हर (रेंज बदलण्याची संधी) आयता मिळतो. तो लांब गेला की ग्रॅपल हातातच राहतो, साइनपोस्टही फुकट. सेलेरिटीच्या 20 मधली निदान 7-8 मॅन्युव्हर देणारी हवीत.

ब्रूहा_बर्लिन:
कळलं. प्रे फारच चिवट असेल तर त्याच्या पलीकडच्याला बडवू का?

निशाचर_ठाणे:
अजिबात नको. तो तुमच्या प्रेचा प्रे. त्याला पाडलात तर 1 व्हीपी (विजयगुण) आणि 6 पूल तुमच्या प्रेला आयते. मागे प्रिडेटरवर (ज्याचे प्रे तुम्ही) एखादा हल्ला ठीक, पण त्याला इतकं खिळखिळं करू नका की त्याच्या मागचा त्याला उडवून ताज्या 6 पूलनिशी तुमचा नवा प्रिडेटर होईल. गेम विनला किमान 2 व्हीपी लागतात. हल्ले पुढेच करा.

हिशोबी:
क्रिप्टचे गटही (व्हॅम्पायर कार्डावरचा गट क्रमांक) तपासा. एकच गट किंवा लागोपाठचे दोन. 2 आणि 4 एकत्र असतील तर डेक बाद.