'कप ऑफ टी', चिमूटभर मीठ आणि खाण्यापिण्याचे इंग्रजी वाक्प्रचार : अर्थ आणि वापर

मुलगी आठवीत आहे, इंग्रजीचा प्रोजेक्ट दिलाय, खाद्यपदार्थांवरचे इडियम्स. नेटवरून यादी काढली आणि समोर मराठी अर्थ लिहीत बसलीये. 'वर्थ हिज सॉल्ट' समोर तिने 'खाल्ल्या मिठाला जागणारा' असं लिहिलंय ते मला खटकतंय पण नेमकं काय चुकतंय ते सांगता येईना. आणि दुसरं म्हणजे केकचं ते, 'हॅव युवर केक अँड ईट इट टू', ती म्हणते केक आहे तर खाणारच ना, त्यात एवढं काय? जाणकारांनी जरा सांगा.

प्रतिसाद :

खटकलं ते बरोबरच खटकलं. मीठ दोन्हीकडे आहे म्हणून जोडी जुळल्यासारखी वाटते, पण खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे निष्ठा. ज्याचं खाल्लं त्याला दगा द्यायचा नाही, मग कामात माणूस यथातथा असला तरी चालेल. 'वर्थ हिज सॉल्ट' मध्ये निष्ठेचा संबंधच नाही, तो माणूस कामात तयार आहे का, पगार घेतो त्या लायकीचा आहे का, एवढंच. 'एनी डॉक्टर वर्थ हर सॉल्ट' म्हणजे कुठलीही बऱ्यापैकी डॉक्टर, जिला आपलं काम येतं ती. एखादा जुना मुनीम मिठाला जागणारा असेल आणि हिशोबात कच्चा असेल तर तो 'वर्थ हिज सॉल्ट' नाही. त्यामुळे मुलीला 'आपल्या कामात वाकबगार' असं लिहायला सांगा. आणि रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मोजून द्यायचे ही गोष्ट नेटवर सगळीकडे दिसेल, ती प्रोजेक्टमध्ये घालू नका. 'सॅलरी' हा शब्द लॅटिनमधल्या मिठाच्या शब्दावरून आला हे खरं, पण मिठाच्या रूपात पगार वाटत होते असं सांगणारा त्या काळातला पुरावा नाही.

मिठावरून आठवलं, यादीत 'टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' असेलच. हा माझा सगळ्यात आवडता, कारण याच्याशेजारी आपलं 'मीठमिरची लावून सांगणे' ठेवलं की गंमत दिसते. आपल्याकडे मीठ सांगणारा लावतो, म्हणजे गोष्ट फुगवतो. इंग्रजीत मीठ ऐकणारा घालतो, म्हणजे समोरच्यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही. एकाच बातमीत दोन्ही होऊ शकतं, शेजारची बाई मीठमिरची लावून सांगणार आणि आपण ती पिंच ऑफ सॉल्टने ऐकणार! याचं मूळ प्लिनी नावाच्या रोमन लेखकापर्यंत नेतात, इ. स. ७७ च्या सुमाराचा त्याचा मोठा ग्रंथ आहे, त्यात काळ्या समुद्राकाठच्या पाँटस राज्याचा राजा मिथ्रिडेटिस याचा विषावरचा उतारा दिलाय. पाँपी या सेनापतीला राजाच्या खाजगी कागदांत तो सापडला असं प्लिनी सांगतो. दोन सुके अक्रोड, दोन अंजीर, सतापाची वीस पानं, सगळं एकत्र कुटायचं, वर मिठाचा एक कण, आणि उपाशीपोटी घ्यायचं की त्या दिवशी कुठलंही विष बाधत नाही. पण तिथे मीठ म्हणजे खरंच मीठ आहे हे लक्षात घ्या, नुसखा आहे तो. 'ऐकलेलं सगळं खरं मानू नये' हा अर्थ इंग्रजीत सतराव्या शतकात दिसायला लागतो. अमेरिकन लोक 'ग्रेन ऑफ सॉल्ट' म्हणतात, ब्रिटिश 'पिंच', दोन्ही बरोबर.

आता केक. तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि घोळ 'हॅव' मुळे होतो. आपण 'हॅव अ केक' म्हणजे 'केक घ्या, खा' असं ऐकतो, इथे मात्र 'हॅव' म्हणजे जवळ शिल्लक ठेवणे. खाऊन टाकलेला केक ताटात शिल्लकही पाहिजे, असा हट्ट. जुन्या इंग्रजीत क्रम बहुतेक उलटा असायचा, जॉन हेवूडच्या १५४६ च्या म्हणींच्या पुस्तकात 'आधी खायचा आणि मग ठेवायचा' असाच आहे, आणि तसा वाचला की अर्थ लगेच कळतो. या उलट्या क्रमाचा संबंध एका मोठ्या गुन्ह्याच्या तपासाशी आलेला आहे. अमेरिकेत अनेक वर्षं टपालाने बाँब पाठवणारा 'युनाबाँबर' होता, १९९५ मध्ये त्याचा लांबलचक जाहीरनामा छापून आला, त्यात 'ईट युवर केक अँड हॅव इट टू' असं होतं. हल्ली असं फारसं कोणी लिहीत नाही. युनाबाँबरचं खरं नाव टेड कझिन्स्की. त्याच्या भावाला लिहिण्याची धाटणी ओळखीची वाटली, आणि टेडच्या जुन्या घरगुती पत्रांशी ताडून बघितलं तर तिथेही हाच क्रम. पुढे एप्रिल १९९६ मध्ये त्याला माँटानातल्या त्याच्या झोपडीतून पकडलं. अर्थात पुरावा तेवढा एकच नव्हता.

मराठीत केकसाठी नेमकी म्हण मला तरी सुचत नाही. 'दोन्ही डगरींवर हात' जवळचं वाटतं पण त्यात दोन्ही बाजूंना धरून राहण्याची लबाडी आहे, केकमध्ये अशक्य गोष्ट मागण्याचा हव्यास आहे. त्यापेक्षा वाक्य लिहा, 'पैसे खर्चायचेही आहेत आणि पासबुकात शिल्लकही दिसायला हवी'.

आणि एक, 'नॉट माय कप ऑफ टी' बद्दल मला खास बोलायचंय कारण हा आपल्याकडे रोज चुकीचा ऐकू येतो. 'यूपीएससी इज नॉट एव्हरीवन्स कप ऑफ टी', क्लासच्या जाहिरातीत, मुलाखतीत, सगळीकडे. म्हणणाऱ्याला म्हणायचं असतं की हे येरागबाळ्याचं काम नोहे. पण इंग्रजांच्या तोंडी हा वाक्प्रचार आवडीचा आहे, कुवतीचा नाही. ऑपेरा माझा कप ऑफ टी नाही म्हणजे मला त्यात रस वाटत नाही, गाता येत नाही असं नव्हे. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात हा आधी होकारार्थी चालायचा, एखादा माणूस किंवा गोष्ट आवडली की 'माय कप ऑफ टी', नकारार्थी रूप दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जास्त पसरलं. सौम्य नकार द्यायला तो फार उपयोगी, समोरच्याची आवड वाईट आहे असं न म्हणता आपली वेगळी आहे एवढंच सांगता येतं. आपल्या वापरात ही सौम्यता जाते आणि उलट दुसऱ्याला 'तुझ्याच्याने होणार नाही' असं सुनावलं जातं. भारतीय इंग्रजीत तो अर्थ आता रुळलाय हे मला मान्य आहे, तरी शाळेतल्या मुलांना मूळ वापर शिकवायलाच हवा, नाहीतर उद्या परदेशी सहकाऱ्याशी बोलताना मुलगा काहीतरी भलतंच बोलून बसेल.

प्रतिसाद :

छान माहिती. 'बटर अप' बद्दल मी वाचलं होतं की प्राचीन भारतात देवाच्या मूर्तीवर तुपाचे गोळे फेकायचे, नवस म्हणून, त्यावरून तो आला. हे तरी घालता येईल ना, आपल्या संस्कृतीशी संबंध म्हणून शिक्षकांना आवडेल.

प्रतिसाद :

नको, कृपया नको. देवाला लोणी अर्पण करतात, मूर्तीला लावतातही, पण इंग्रजी वाक्प्रचार तिथून निघाला याला काडीचा आधार नाही. इंग्रजीत 'बटर' हे क्रियापद खुशामतीच्या अर्थाने १७०० च्या आसपासच वापरात होतं, पावावर लोणी फासतात तशी गोड बोलणी फासायची, एवढं सरळ आहे ते. आणि आपल्याशी संबंध दाखवायचाच असेल तर आपल्याकडे 'लोणी लावणे' आणि 'मस्का मारणे' आहे की, तेही अगदी त्याच अर्थाने! मस्का हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ लोणीच, इराण्याच्या हॉटेलातला ब्रून मस्का तोच. हे लिहा, हे खरं आहे. १९९९ च्या सुमारास 'पंधराशे साली लोक कसे राहायचे' असा एक ईमेल जगभर फिरला होता, त्यात 'अपर क्रस्ट' म्हणजे पावाचा वरचा भाग पाहुण्यांना द्यायचे वगैरे रचलेल्या व्युत्पत्त्या होत्या, त्याच अजून शाळेच्या प्रोजेक्टांत येतात. उच्चभ्रू लोक या अर्थाने 'अपर क्रस्ट' एकोणिसाव्या शतकातला आहे.

खरी व्युत्पत्ती हवी तर 'ईट हंबल पाय' घ्या. हरणाचं काळीज, आतडी वगैरे आतल्या मांसाला पूर्वी 'नंबल्स' म्हणायचे, त्यातला 'न' मागच्या 'अ' ला जाऊन चिकटला आणि 'अंबल्स' झालं. लंडनमधला सरकारी अधिकारी सॅम्युअल पेपिस याच्या रोजनिशीत १६६३ साली शेजारणीने भट्टीतून गरमागरम अंबल पाय आणल्याची नोंद आहे, आणि त्याला तो फार आवडला होता, म्हणजे तेव्हा त्यात अपमान काही नव्हता. पुढे 'हंबल' म्हणजे नम्र या शब्दाशी उच्चार जुळला आणि एकोणिसाव्या शतकात अर्थ झाला, चूक कबूल करून मान खाली घालणे. मराठीत 'नाक घासणे' किंवा 'दाती तृण धरणे' चालेल, आणि दाती तृण मध्ये तर तोंडात गवतच आहे. 'न' गळण्याचं उदाहरण आपल्या घरातलंही आहे, नारिंगाचा युरोपात जाता जाता 'न' गळला आणि 'ऑरेंज' झालं.

प्रतिसाद :

खूप खूप आभार, मुलीने केकचं आणि कप ऑफ टीचं दोन्ही वाक्यासकट लिहून घेतलं. शेवटचे दोन राहिलेत, 'एग समवन ऑन' आणि 'ॲपल ऑफ माय आय'.

प्रतिसाद :

पहिला यादीतून काढाच. 'एग ऑन' म्हणजे चिथावणे, फूस लावणे, आणि त्यातला एग अंड्याचा नाहीच. जुन्या नॉर्स म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेत 'एग्या' म्हणजे डिवचणे, धार या अर्थाच्या 'एज' चा तो भाऊबंद. अंडं हवंच असेल तर 'एग ऑन युवर फेस' घ्या, चारचौघांत तोंडघशी पडणे.

ॲपल ठेवा, पण सफरचंद म्हणून नको. डोळ्याचं बुबुळ म्हणजे एक घट्ट गोळा आहे असं पूर्वी मानायचे, त्याला ॲपल म्हणायचे, आणि डोळ्याइतकं जपायचं माणूस असा अर्थ पुढे आला. मराठीत 'गळ्यातला ताईत' लिहा. आणि मुलीला हेही सांगा, बुबुळाचा दुसरा इंग्रजी शब्द 'प्युपिल', तो लॅटिनमधल्या छोट्या बाहुलीच्या शब्दावरून आलाय, समोरच्याच्या डोळ्यात आपली इवलीशी आकृती दिसते ना म्हणून, आणि आपणही तिला डोळ्यातली बाहुलीच म्हणतो.