मदत हवी आहे: लिंबू-संत्र्याच्या वासाचा, पण खिशाला परवडणारा परफ्यूम

मंडळी, टॉम फोर्डच्या ‘नेरोली पोर्टोफिनो’सारखा वास हवाय, पण एका बाटलीवर तेवढे पैसे घालवायची तयारी नाही. ४७११ हे जर्मन कोलोन (हलका परफ्यूम) माहीत आहे; वास झकास, पण बघता बघता गायब. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन (वास देणारं द्रव्य) भराभर उडतं, त्यामुळे या प्रकारातल्या महागड्या बाटल्याही फार टिकत नाहीत, हे मान्य. म्हणूनच खाली वाळा, देवदार किंवा मस्कचा आधार असलेलं काही स्वस्तात मिळतं का? ‘आक्वा दी पार्मा’ या इटालियन ब्रँडच्या १९१६ पासूनच्या ‘कोलोनिया’जवळ जाणारंही चालेल. फक्त फरशी पुसायच्या लिक्विडसारखा वास नको, स्वस्तातल्या निम्म्या परफ्यूमचं तिथेच बिनसतं! क्लोन, म्हणजे महागड्या परफ्यूमची स्वस्तातली नक्कल, असला तरी हरकत नाही. स्वतः वापरलं असेल तर अंगावर आणि कपड्यांवर किती वेळ टिकलं, तेही सांगा.