आया सोफियाचा वरचा सज्जा
इस्तंबूलची आया सोफिया, म्हणजे मूळची चर्च असलेली भव्य मशीद, अर्ध्या तासात पाहून होते, असे काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. इसवी सन 537 मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूचा घुमट पाहताना मान अवघडते हे खरे, परंतु वरच्या सज्ज्यात दक्षिणेकडील संगमरवरी कठड्यावर उत्तर युरोपातून आलेल्या कोणा वायकिंगाने तिकडच्या जुन्या रूनिक लिपीत कोरून ठेवलेली, आता बरीचशी पुसट झालेली अक्षरे (भिंती खरवडण्याची खोड किती जुनी आहे पाहा!) शोधल्याशिवाय तेथून निघू नये. जवळच्या बॅसिलिका सिस्टर्न या भूमिगत जलाशयात 336 खांब असून त्यांपैकी दोहोंच्या तळाशी ग्रीक पुराणातील सर्पकेशी मेदुसाची मुंडकी बसवलेली आहेत, एक आडवे आणि दुसरे उलटे. शहराच्या मधून जाणारी बॉस्फरस सामुद्रधुनी पाहण्यासाठी मात्र महागड्या पर्यटक बोटीची मुळीच गरज नाही. युरोपीय किनाऱ्यावरील एमिनोनूहून आशियाई किनाऱ्यावरील उस्कुदारला जाणारी रोजची फेरीबोट तोच देखावा किरकोळ भाड्यात दाखवते.