कायदे कडक आहेत म्हणे!

खिडकीबंद
काल दुसऱ्या धाग्यावर एका महाशयांनी लिहिलं की आपल्याकडे प्रदूषणाचे कायदे भयंकर कडक आहेत, कारखानदार बिचारा परवानग्यांतच मरतो आणि डोंबिवलीकर मात्र 'वास आला, वास आला' करत बसतात. तिथेच उत्तर देणार होते, पण लांबलं म्हणून वेगळा धागा.

कायदे आहेत हो, कोण नाही म्हणतंय! पाण्याचा १९७४ चा, हवेचा १९८१ चा, भोपाळ झाल्यावर १९८६ चा, वर हरित लवाद. एवढं सगळं असून फेब्रुवारी २०२० मध्ये आमच्या एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि खुद्द मुख्यमंत्री बघायला आले. त्याआधी २०१४ ला हिरवा पाऊस पडून झालेला. मी फेज दोनपासून चालत दहा मिनिटांवर राहते. रात्री दीडनंतर सडक्या कोबीसारखा वास सुटतो, मुलाच्या खोलीची खिडकी उघडी राहिली तर तो डोळे चोळत उठतो, आणि सकाळी दहाला, म्हणजे साहेबलोकांच्या वेळेत, हवा एकदम महाबळेश्वर. त्यात १९८६ च्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती, ती जनविश्वास कायद्याने काढून दंड ठेवला, दहा हजार ते पंधरा लाख. मोठ्या कंपनीचा दिवाळीच्या मिठाईचा खर्च असेल तेवढा.

पत्र्याची_शेड
ते महाशय मीच. ताई, एमआयडीसी १९६४ ची. तुमची बिल्डिंग कधीची ते सांगा, मग बोलू. कंपन्यांच्या भिंतीला भिंत लावून टॉवर उभे राहिले, परवानग्या कोणी दिल्या? मधला मोकळा पट्टा कोणी खाल्ला? आम्ही नाही खाल्ला. माझं वीस माणसांचं युनिट आहे, लाल कॅटेगरी म्हणजे सगळ्यात प्रदूषणकारी गटातलं, प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटची फी, बँक गॅरंटी, सीईटीपीचं म्हणजे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं बिल, सगळं वेळेवर. आणि कैद काढली म्हणून रडताय तर ती किती जणांना झाली होती? खटले वर्षानुवर्षं लोंबकळायचे. आता दंड नाही भरला तर तीन वर्षं आत जायची सोय आहेच, वाचा जरा. शिवाय उल्हास नदीत महापालिकांचं मैलापाणी किती जातं? तुमच्या फ्लॅटचंच असेल त्यात.

खिडकीबंद
२००९ ची बिल्डिंग, ओसी म्हणजे भोगवटा दाखला आहे, टॅक्स भरतो. आधी आलात म्हणजे रात्री वायू सोडायचा परवाना मिळाला का?

पत्र्याची_शेड
मी सोडत नाही. सगळ्यांना एकाच पोत्यात घालू नका.

होजपाइप
सहा वर्षं एका कंपनीच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्लांटवर, ऑपरेटर होतो. कंपनी सांगत नाही, राज्यही सांगत नाही. प्रदूषण मंडळाचे सॅम्पलवाले गेटवर आले की सिक्युरिटीचा मिस्ड कॉल यायचा, साहेब केबिनमध्ये चहा घेईपर्यंत आम्ही आउटलेटच्या टाकीत साधं पाणी सोडायचो. सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं माप, अडीचशेच्या आत पाहिजे ना, घ्या दोनशे दहा. पुढे ऑनलाइन मीटर आला, तेव्हा वाटलं आता सुटका नाही, तर महिन्याभरात त्याचा सेन्सर साध्या पाण्याच्या बादलीत. बादली बदलायचं काम माझ्याकडे होतं, शेवाळ धरायचं म्हणून दर सोमवारी. प्लांट नीट चालवला तर लाइट बिल आणि केमिकलचा खर्च रोज दिसतो, पकडले जाल तो दंड कधीतरी. मालक हिशोबात पक्का असतो.

आकडेमोड
सगळंच रडगाणं नको. सुरतला २०१९ पासून कारखान्यांच्या धुरातल्या कणांवर एकूण मर्यादा घातली आणि कोट्याची खरेदी-विक्री सुरू केली, त्यात सामील कारखान्यांचे कण २० ते ३० टक्के कमी झाले. म्हणजे धोरण नीट आखलं की चालतं.

होजपाइप
चिमणीत बादली बसत नाही म्हणून असेल.

सत्तावीसगाववाला
आधी कंपनी का आधी बिल्डिंग, मस्त चाललंय तुमचं. आधी आमची भातशेती होती. आज्याच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या, त्याला भाव काय मिळाला ते विचारू नका. उरलेल्यावर बिल्डर आला. बाप सांगायचा, खाडीत पाय टाकला तरी निवट्या उड्या मारत पळायच्या, जिताडा गळाला लागायचा. मी लहानपणी नाल्याचा रंग बघून सांगायचो आज कोणता माल बनतोय. तुम्ही दोघंही पाहुणे, आणि भांडताय खुर्चीवरून.

पत्र्याची_शेड
जमिनी विकून बंगले, फॉर्च्युनर, आणि आता निवट्या आठवल्या?

सत्तावीसगाववाला
माझ्या दारात स्कूटर आहे, तीही भावाची. तोंड सांभाळून.

खिडकीबंद
दोघंही थांबा जरा. दादा, तुमचं खरंय, पाहुणे तर पाहुणे, पण मुद्दा रात्रीच्या वासाचा होता. तो बिल्डिंगच्या वयावर कुठे गेला? २०२२ मध्ये १५६ कारखाने रसायनीजवळच्या पाताळगंगेला हलवायचं ठरवलं सरकारने. मे २०२४ ला स्फोट झाला, माझ्या स्वयंपाकघराची काच फुटली, लगेच परत तीच घोषणा.

रसायनीकर
का हो, आम्ही काय पाप केलंय? गावाचं नावच रसायनी म्हणून आणून टाका सगळं? आमच्या नदीला काय कमी सोसावं लागलंय. वास हलवणं याला धोरण म्हणत असाल तर तुमच्याकडेच ठेवा ते १५६.

खिडकीबंद
हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सॉरी.

पत्र्याची_शेड
असो. बादलीचं मान्य, असे चार जण आमच्याही लाइनीत आहेत आणि त्यांच्यामुळे माझा माल महाग पडतो, मी ट्रीटमेंटचा खर्च करतो, ते करत नाहीत. पण ताई, फ्लॅट बघायला गेलात तेव्हा नाक घरी ठेवलं होतं का?

खिडकीबंद
बरोबरच होतं. बिल्डरच्या माणसाने आग्रहाने शुक्रवारी बोलावलं होतं. एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारी असते हे राहायला आल्यावर कळलं.