मोजणीची घरगुती साधनं: तुमचे अनुभव लिहा

पहिली-दुसरीतल्या मुलांसाठी तुम्ही घरी काय केलंत ते इथे लिहा. दुकानातली मण्यांची पाटी सगळ्यांना ठाऊक आहे, मला आपल्या परसातलं हवंय. मूल नेमकं कुठे अडत होतं, तेही सांगा. सुरुवात मीच करते.

आमच्याकडे माडाचे हीर. केरसुणीसाठी काढतात त्यातलेच जाडसर निवडले, वीतभर तोडले, टोकं घासून घेतली. दहा झाले की केळीच्या सोपटाने जुडी बांधायची. लेक दुसरीत आहे. ४२ वजा १७ मांडलं, दोन सुट्या हिरांतून सात जाईनात, तशी तिने न विचारता एक जुडी सोडली. वहीत ती आधीही उसना घ्यायची, पण बाई सांगतात म्हणून. त्या एकाचे दहा कसे होतात ते सोपट सुटल्यावर तिला दिसलं.

डिचोलीहून: चतुर्थीला माटोळीत (गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधतात ती लाकडी चौकट) बांधलेल्या सुपाऱ्या आम्ही विसर्जनानंतर वाळवून ठेवतो. पहिलीच्या पोराच्या हाताला त्या बऱ्या बसतात, पण मेल्या लोळतात फार! म्हणून अंड्यांचा ट्रे घेतला. ३० अंड्यांच्या ट्रेमध्ये पाच खड्ड्यांच्या सहा ओळी असतात. दोन-दोन ओळी कापल्या की दहा-दहाचे तीन तुकडे. सात सुपाऱ्या ठेवल्या की तीन खड्डे रिकामे, दहाला किती कमी ते मोजायलाच नको.

काणकोणहून: काजूच्या बिया घ्या की! मे महिन्यात काय तोटा?

धागा काढणारी: नको हो. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते आणि लहान मुलं बी चावून बघतात. गुंजाही कोणी देऊ नका, दिसायला गोड पण विषारी. चिंचोके बरे, फक्त पावसाआधी उन्हात कडक वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी धरते. घरात रांगतं बाळ असेल तर चिंचोकेसुद्धा वरच्या फळीवर.

म्हापशाहून: १०० मण्यांची माळ. दहा लाल, दहा पांढरे, परत दहा लाल. मणी शुक्रवारच्या बाजारातले. ‘३६ दाखव’ म्हटलं की तिथे कपड्यांचा चिमटा लावायचा. सुरुवातीला मुलगी एकेक मणी मोजत जायची, मी टोकलं नाही. आता तीन रंग ओलांडते आणि पुढचे सहा मोजते. दोरीत थोडी ढील ठेवा, गच्च ओवलेले मणी सरकत नाहीत.

मडगावहून: आम्ही आइस्क्रीमच्या काड्यांवर दहा-दहा चिंचोके डिंकाने चिकटवले. टिकाऊ काम, सांडलवंड नाही.

वाळपईहून (शाळेत शिकवते): टिकाऊ खरं, पण चिकटवलेलं दशक सुटत नाही. वजाबाकीला काय करणार?

मडगावहून: सुट्या चिंचोक्यांची वाटी शेजारी असतेच, बाई. एक काडी द्यायची, दहा सुटे घ्यायचे. बाजारात दहाची नोट मोडतो तसंच.

वाळपईहून: हां, मग चालेल. तरी पहिल्यांदा जुडी मुलाच्या हातानेच सुटू दे. नोट मोडणं त्यानंतर.

फोंड्याहून (आजोबा): आम्ही फणसाच्या फळीत सायकलचे तीन आरे उभे ठोकले: एकक, दशक, शतक. आरे नऊच मणी मावतील इतके कापले. दहावा मणी हातात घेऊन नातू माझ्याकडे बघायला लागला! मग एककाचे नऊ काढून, त्यात तो दहावा धरून, सगळ्यांच्या बदल्यात दशकावर एक घातला. आऱ्यांची टोकं मात्र कानशीने घासा.

धागा काढणारी: झकास. पण काका, हे हीर-सुपाऱ्यांनंतरच द्यावं असं मला वाटतं. जुडीत दहा खरोखर असतात, दशकाच्या आऱ्यावरचा मणी दिसतो एकच. तो दहा का, हे आधी हातात आलेलं असलं पाहिजे.

फोंड्याहून: मान्य. नातू आधी शेंगदाणे मोजायचा. निम्मे खायचा, म्हणून तर हे ठोकलं.

पेडण्याहून: काका, आरे कापले कशाने? आमच्याकडची करवत लोखंडावर चालत नाही.

फोंड्याहून: लोखंड कापायची बारीक दातांची करवत वेगळी मिळते. नाहीतर सायकल दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि माप सांगा. मणी आधी ओवून बघा, मगच माप घ्या.