दोघंही शिक्षक असाल तर पगाराआधी करार वाचा

अंबाजोगाईच्या एका ताईंनी विचारलंय, नवरा-बायको दोघांनाही कतारमधल्या दोह्याच्या इंटरनॅशनल शाळेत नोकरी मिळतेय, लेक आठवीत, जावं का? माझी बहीण आणि दाजी याच पेशात, लातूरहून गेलेले, म्हणून लिहितो.

पगार सगळेच विचारतात. घर, वर्षाचं विमानभाडं, मुलांची फी यांचं करारात काय लिहिलंय ते बघा. फीत सूट किती लेकरांना आणि किती टक्के, हे शाळेगणिक बदलतं. दोघं एकाच शाळेत असाल तर घर बहुधा एकच, तेव्हा दोन घरभाड्यांचा हिशोब मांडू नका.

करमण्याचं म्हणाल तर बहिणीचं गणित सोपं आहे. येळवस (वेळ अमावस्या, आपल्याकडचा शेतातला सण) बहुतेकदा डिसेंबर-जानेवारीत, शाळेची हिवाळी सुट्टीही तेव्हाच. तारखा जुळल्या की भाच्या थेट शेतात, कोपीसमोर (कडब्याच्या खोपीसमोर) बसून भज्जी अन् आंबील. उन्हाळी सुट्टीत मात्र आईबापांच्या दवाखान्याच्या चकरा.

खरा प्रश्न लेकीचा. तिला डॉक्टर करायचं असेल (आपल्याकडं दुसरं सुचतं कुठं!) तर दोन गोष्टी. महाराष्ट्राच्या मेडिकल कोट्याला साधारणपणे दहावी-बारावी इथलीच लागते. आणि शाळा आयबीची (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, परदेशी बोर्ड) असेल तर अकरावी-बारावीच्या डिप्लोमाचे विषय सहाच. कलेऐवजी सायन्सचा विषय घेतला तरी साधारणपणे दोनच सायन्स बसतात; फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही हवे असतील तर शाळेमार्फत आयबीची खास परवानगी लागते. शाळा ती परवानगी काढते का आणि टाइमटेबलात ते जमतं का, हे सही करण्याआधी ईमेलवर लेखी विचारून घ्या.